पेटीतला कंप्युटर आणि देव्हाऱ्यातली कॅसेट

झरीच्या गुरुपादअप्पाच्या हाती चालू वस्तू देऊ नये, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बिघडलेली खुशाल द्या. रेडिओ द्या, टेप द्या, पंखा द्या, चार दिवसांत गातगात घरी येईल. पण चालू वस्तू त्याच्या हाती पडली की मेलीच म्हणून समजा. "आत काय हाय ते बघू द्या की जरासं," असं तो म्हणायचा आणि म्हणता म्हणता हातातला पेचकस फिरायला लागलेला असायचा. लग्नात सासरच्यांनी दिलेलं मनगटी घड्याळ अंगावरची हळद जायच्या आत ताटलीत सुटं होऊन पडलं होतं. सासूबाई महादेवी, उदगीरकडची शहाणी बाई, त्या ताटलीकडं बघून एवढंच म्हणाली होती, "जावईबापू, मानसाला तरी उघडू नका म्हंजे झालं."

बसस्टँडसमोर अप्पाचं पत्र्याचं दुकान होतं. दुरुस्ती आणि भोंगा भाड्यानं, असा दुहेरी धंदा. ती वर्षं नामांतराची. विद्यापीठाचं नाव बदला म्हणणाऱ्यांच्या सभेला भोंगा अप्पाचा, आणि बदलू नका म्हणणाऱ्यांच्या सभेलाही अप्पाचाच. दोन्हीकडच्यांनी बेंबीच्या देठापासून ओरडून माइकच्या जाळीत थुंकी साठवली, आणि ती कापसाच्या बोळ्यानं पुसत बसला हा. कुणी टोकलं तर म्हणायचा, "नरडं तुमचं, भोंगा माझा. आधी माइक पुसून द्या, मग बोला."

त्याला आणखी एक खोड होती, नकलांची. गावातला एकही माणूस त्यानं सोडला नव्हता. पण हात बसला होता तो आबासाहेबांवर. आबासाहेब म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. पोट मोठं, आवाज मोठा, आणि दर दोन शब्दांनी 'आपलं ते हे' म्हणायची सवय. अप्पानं एकदा दुकानात चारचौघांना हसवायला आबासाहेबांचं अख्खं भाषण त्यांच्या आवाजात टेपवर भरलं. लोक पोट धरून हसले. पुढं ती कॅसेट कुठं गेली कुणास ठाऊक. ती आबासाहेबांच्या हाती लागली तर आपलं काय होईल, या धास्तीनं अप्पाला कित्येक दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

ही कॅसेट साधीसुधी नव्हती. अप्पाची बायको गंगम्मा हिच्या भावानं हैदराबादेहून दोन परदेशी कॅसेट आणल्या होत्या, जुळ्या, काळ्याभोर. एकीवर अप्पानं आबासाहेब भरला. दुसरीवर त्याआधीच सासूबाई भरली होती. महादेवी श्रावणात लेकीकडं आली होती, तेव्हा अप्पानंच तिच्यापुढं माइक धरला होता. म्हातारीनं गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली खीर, कशी शिजवायची ते सांगितलं, गंगम्माच्या लहानपणीच्या चार गोष्टी सांगितल्या. मधेच दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून अप्पा टेप तसाच चालू ठेवून उठून गेला. परत येऊन त्यानं टेप बंद केला आणि त्या आवाजावर चुकून कुणी दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली स्वतःच्या हातानं मोडली. ती टिकली मोडली की टेपचं भरायचं बटण खाली जातच नाही.

त्या दिवाळीत महादेवी वारली. गंगम्माकडं आईचा फोटोसुद्धा नव्हता. होता तो एवढाच आवाज. तिनं कॅसेट देव्हाऱ्यात ठेवली, आणि दर सोमवारी लिंगपूजा झाली की तिलाही विभूतीची तीन बोटं ओढायला लागली. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

आता कंप्युटरचं ऐका.

परभणीत स्टेशन रोडला कुणीतरी मोठ्या दिमाखात कंप्युटरचा क्लास काढला होता. उद्घाटनाला भोंगा अप्पाचा होता. तिथं त्यानं टीव्हीला जोडलेलं ते यंत्र पाहिलं आणि तेव्हापासून त्याचा जीव त्यात अडकला. वर्ष-दोन वर्षांत क्लास बसला. यंत्रं जुनी झाली, पोरं येईनात, आणि एक दिवस सगळा पसारा भंगारवाल्याच्या पत्र्याखाली येऊन पडला. अप्पाला खबर लागली. तो गोणी घेऊन गेला आणि गोणी भरून आला. एका यंत्राचा बोर्ड चांगला, दुसऱ्याच्या चिपा चांगल्या, तिसऱ्याची बटणांची पट्टी निम्मी शाबूत, आणि सगळ्यांचं मिळून एक इंग्रजी चोपडं. अप्पा मॅट्रिकला इंग्रजीतच गचकलेला. पण एकेक अक्षर लावत त्यानं ते चोपडं पाठ केलं.

यंत्राला घर पाहिजे म्हणून त्यानं मठात धूळ खात पडलेली बाजाची पेटी मागून आणली. तिचे सूर उंदरांनी कधीच खाल्ले होते. सुरांच्या जागी बोर्ड बसला, चित्र दिसायला दुकानातला जुना टीव्ही जोडला. वीज द्यायला भोंग्याच्या जुन्या मशिनीतला ट्रान्सफॉर्मर लावला. तो इतका तापायचा की गंगम्मानं एकदा त्यावर पापड भाजून बघितला, आणि पापड भाजला गेला. पट्टीवरची जी बटणं तुटली होती त्या जागी अप्पानं गंगम्माच्या झंपराची बटणं चिकटवली.

"माझा झंपर उघडा पडला आन तुमचा कंप्युटर झाकला," गंगम्मा म्हणाली. "लय चांगलं करायलाव."

"नवीन बटनं आनतो की."

"तुमी आनताव आन परत काढून नेताव. राहू द्या. मी दोऱ्यानं बांधते."

गंगम्मा ओरडणारी बाई नव्हती. ती बघायची, गप बसायची आणि ओठ मुडपून हसायची. अप्पाला ती गरीब वाटायची. तिथंच त्याचा हिशेब चुकला.

पेटीची खबर गावभर झाली. एके सकाळी आबासाहेब चहा प्यायला टपरीवर आले आणि समोरच्या दुकानात डोकावले. "अप्पा, आपलं ते हे, या पेटीतून भजन निघंल एखांद्या वक्ती. कंप्युटर काय निघायचा न्हाई."

अप्पा मिशीला तेल लावणारा माणूस. त्याला झोंबलं. "शिवरातीला देवळापुढं चालवून दाखवतो. न्हाई चालला तर तिथंच मिशी काढतो. आन चालला तर?"

"चालला तर तुझा टीव्ही माझ्या डोस्क्यावर घिऊन, आपलं ते हे, बाजारातून चालत तुझ्या दारात आनून ठिवतो."

शर्त लागली. आश्रुबा न्हावी तिथंच बशीत चहा ओतून फुंकत बसला होता. तो म्हणाला, "मी वस्तरा घिऊनच येतो. कुनाची का असंना, गंमत तर हुईल." आणि तेव्हापासून येताजाता अप्पाच्या मिशीकडं तो असा बघायला लागला की अप्पा तोंडावर दस्ती धरूनच फिरायचा.

पेटी चालू झाली, ते खरं. टीव्हीवर अक्षरं उमटली तेव्हा अप्पा दुकानात एकटाच नाचला. पण त्या यंत्राची एक खोड होती. लाइट आहे तोवर त्याला सगळं ध्यानात राहायचं. लाइट गेली की डोकं साफ. आणि झरीत लाइट कशी नांदायची हे वेगळं सांगायला नको. अप्पा अख्खी सकाळ झंपराची बटणं दाबून एकेक ओळ लिहायचा, महादेवाची पिंड कशी काढायची, तिच्यावर तीन पट्टे कसे ओढायचे, खाली आबासाहेबांचं नाव कसं लिहायचं. दुपारी लाइट जायची आणि पिंडीसकट सगळं गडप. पुन्हा पहिल्यापासून.

यावर चोपड्यात तोड होती. लिहिलेलं सगळं यंत्र आवाजात बदलून टेपवर भरायचं. ऐकायला तो आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. पण तोच आवाज यंत्राला परत ऐकवला की त्याला सगळं आठवायचं. अप्पानं दुकानातल्या कॅसेटी काढल्या. त्या लग्नाच्या भोंग्यावर वाजून वाजून पार झिजलेल्या, उन्हानं ताणलेल्या. एकीवर भरलं, यंत्राला पटेना. दुसरीवर भरलं, निम्म्यात अडलं. तिसरीवर तर पिंड आली ती आडवी. शिवरात्र तोंडावर आली. आश्रुबानं वस्तऱ्याला धार लावून आणली आणि ती मुद्दाम दुकानापुढं उभं राहून अंगठ्यावर तपासली.

आता चांगली कॅसेट गावात एकच होती.

अप्पानं ते मनातून काढायचा लय प्रयत्न केला, असं त्याच्या बाजूनं म्हणायला पाहिजे. पण एक दिवस गंगम्मा विहिरीवर गेलेली, लाइट होती, पेटीत अख्खी पिंड तयार होती, आणि लाइट जायची वेळ झाली होती. अप्पा घरात शिरला, देव्हाऱ्यापुढं हात जोडले, "सासूबाई, जरासंच भरतो, सुरवातीचं तेवढं. बाकी तुमाला धक्का लावत न्हाई," असं पुटपुटला आणि कॅसेट उचलून दुकानाकडं पळाला. टिकलीची मोडकी जागा चिकटपट्टीनं बुजवावी म्हणून त्यानं कॅसेट उलटी केली, तर टिकली जागच्या जागी. आपण मोडली होती असं त्याला पक्कं आठवत होतं. पण दिवा एकदा फडफडला आणि त्यानं विचार सोडून बटण दाबलं. सासूबाईचा आवाज कानावर पडला तर हात थांबेल, म्हणून टेपचा आवाज आधीच बंद करून टाकला होता.

भरलं. परत यंत्राला ऐकवून बघितलं. पिंड उभी आली, सरळ आली. अप्पा मात्र कॅसेट हातात धरून आठवायला लागला. सुरुवातीला काय होतं? हुग्गी होती. म्हणजे हुग्गी गेली. पुढच्या गोष्टी शिल्लक असतील, पण मधूनच तुटलेल्या. त्यानं कॅसेट पुसून होती तशी देव्हाऱ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी नेमका सोमवार. अप्पा भाकरी खात बसलेला. गंगम्मानं पूजा केली, कॅसेट हातात घेतली, तिला उलटसुलट बघितलं, तीन बोटं विभूती ओढली आणि मोठ्यानं म्हणाली, "माय, सुखात ऱ्हा. तुला हितं कुनाचा तरास न्हाई." अप्पाला जोराचा ठसका लागला. पाणी पिऊन पिऊन डोळे लाल झाले.

"आवं," गंगम्मा म्हणाली, "लय दिवस झाले. आज लावून देताव का आईचा आवाज? हुग्गीचं परमान इसरले मी."

"टेप बिघडलाय," अप्पा म्हणाला.

"तुमचा टेप? आन बिघडलाय?"

"त्याचं ते... आतलं हाय ते. तुला न्हाई कळायचं."

"बरं बरं," गंगम्मा म्हणाली. "शिवरातीनंतर लावा मग." आणि वळून चुलीकडं गेली. तिचे खांदे हलत होते. अप्पाला वाटलं, आईच्या आठवणीनं रडायली. त्याचा जीव कळवळला. त्या दिवसापासून तो तिच्या नजरेला नजर देईना. आपण होऊन पाणी भरायला लागला, झंपराला नवी बटणं आणून दिली, पाट्यावर चटणीसुद्धा वाटून दिली. शेजारणींना वाटलं अप्पाला काहीतरी दुखणं झालंय.

शिवरात्रीच्या सकाळी देवळापुढं पटांगण भरलं. उपासाच्या रताळ्याचा वास सुटलेला. शेजारच्या पेडगावची माणसंसुद्धा आली होती. मधोमध टेबलावर पेटी, तिच्यावर टीव्ही, बाजूला टेप. अप्पाचा मिरवायचा स्वभाव काही जाईना. कंप्युटर 'बोलतो' कसा ते गावाला ऐकू यावं म्हणून त्यानं टेपचं एक तोंड भोंग्याला जोडून ठेवलं होतं. खर्र आवाज संपला की चट्‌दिशी टेप बंद करायचा, म्हणजे पुढचा सासूबाईचा आवाज भोंग्यातून बाहेर पडणार नाही, एवढं त्यानं मनात घोकलं होतं. आश्रुबा पहिल्या रांगेत, मांडीवर वस्तरा. गंगम्मा बायकांत पुढं, आणि तिच्या शेजारी आबासाहेबांची बायको कडूबाई.

अप्पानं बटण दाबलं. भोंग्यातून चीं... खर्र... असा आवाज निघाला. दोन बैल दावी तोडून पळाले. म्हाताऱ्यांनी कान झाकले. अप्पाचा हात टेपवर तयार होता. तेवढ्यात आबासाहेब पुढं आले.

"थांब! हात काढ. आपलं ते हे, हात लावून तूच काहीतरी करायलास. दोनी हात वर कर!"

"आबासाहेब, मला टेप बंद करू द्या, मग..."

"वर म्हंजे वर!"

लोक ओरडले, "वर करा अप्पा, वर करा!" अप्पानं दोन्ही हात वर केले. खर्र आवाज संपला. टीव्हीवर एकेक रेघ उमटली, पिंड झाली, पिंडीवर तीन पट्टे आले. बायकांनी आपसूक हात जोडले. मग खाली मोठी इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. आबासाहेबांच्या ट्रॅक्टरवर हीच अक्षरं रंगवलेली होती, म्हणून त्यांनी ती लगेच ओळखली. "आयला, माझं नाव!" ते म्हणाले आणि क्षणभर पोरासारखे खूश झाले.

गाव टाळ्या पिटत होतं आणि अप्पा हात वर करून घामानं निथळत होता. टेप फिरत होता. कुठल्याही घडीला सासूबाई बोलणार, अर्ध्या वाक्यातून, आणि समोर बसलेल्या लेकीला कळणार की नवऱ्यानं मिशीपायी आईचा आवाज मोडला. मिशी गेली असती तर परत आली असती, हे त्याला आत्ता सुचलं. त्यानं डोळे गच्च मिटले.

भोंगा खाकरला.

"...आन ध्यानात ठिवा, मी झरीचा आबासाहेब बोलायलोय. आपलं ते हे, माझ्या पोटात जेवढं पुरन गेलंय तेवढं गावाच्या हिरीत पानी न्हाई. आपलं ते हे, कुस्तीचं बक्षीस मी दरसाली जाहीर करतो आन दरसाली इसरतो. त्याला काय हुतंय? आपलं ते हे, पैलवान परत येतोच की..."

आबासाहेबांचा जबडा खाली आला. अप्पानं डोळे उघडले आणि परत मिटले. पहिली फुटली ती कडूबाई. "अगं माय माय, हुबेहूब!" म्हणत ती गंगम्माच्या खांद्यावर कोसळली. मग काय विचारता! सगळं पटांगण हसून लोळायला लागलं. आश्रुबाचा वस्तरा मांडीवरून खाली पडला.

आबासाहेबांनी अप्पाची कॉलर धरली. "हे कोन बोलायलंय रं?"

अप्पाचे हात अजून वरच होते. घाबरला तरी गडी गडीच. "माझे हात वर हायेत आबासाहेब. तुमीच करायला लावले. ह्यो कंप्युटर हाय, सोताच्या मनानं बोलायलाय. मी काय करू?"

आबासाहेबांनी पेटीकडं बघितलं, भोंग्याकडं बघितलं, हसणाऱ्या बायकोकडं बघितलं. मग त्यांच्याही पोटाला हिसके बसायला लागले. "लय खरं बोलतंय हे डबडं," ते म्हणाले. "मानसापरीस बरं हाय." त्यांनी कॉलर सोडली, टॉवेलाची चुंबळ केली, टीव्ही डोक्यावर घेतला आणि बाजारातून चालायला लागले. मागं अख्खं गाव 'आपलं ते हे, आपलं ते हे' करत वाजतगाजत निघालं.

अप्पा मात्र जागेवरच उभा. जिंकल्याचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. कॅसेटवर आबासाहेब, तर मग सासूबाई कुठं? त्यानं गंगम्माकडं बघितलं. ती पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

घरी आल्यावर तो दारातच उभा राहिला. "गंगे, मी एक..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "देव्हाऱ्यात हात घालताव आन विभूती बाहीला पुसून येताव. आंधळी हाय का मी?"

"मग देव्हाऱ्यात..."

"ते तुमचंच आबासाहेबांचं भाषन. दुकानात पडलं हुतं, मीच उचलून आनलं. तीन वर्सं त्यालाच विभूती लावायलेय. दर सोमवारी हसू दाबू दाबू जीव जातो माझा."

"आन सासूबाई?"

गंगम्मानं शिंकाळ्यावरचा पापडाचा डबा खाली घेतला. वरचे पापड काढले, मधली फडकी काढली आणि खालून काळीभोर कॅसेट काढली. अप्पानं ती उलटी केली. टिकली मोडलेली होती, त्यानं मोडली होती तशीच.

"कामून पन? मला सांगायचं हुतं की."

"टेप लावा आधी. बिघडला न्हाई ना?"

अप्पानं टेप लावला. हुग्गी आली. गूळ कधी घालायचा, खसखस किती. मग गंगम्माच्या लहानपणची शेळी आली. मग लांबून गिऱ्हाईकाची हाक, आणि अप्पाचा उठून जाण्याचा आवाज. यापुढचं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. पुढं महादेवी हळू आवाजात, कुणी ऐकू नये अशा बेतानं बोलत होती.

"गेले का जावई? हे बंद झालं का गं? झालं असंल. गंगे, मानूस गुनाचा हाय तुझा, मनात काळं न्हाई. पन हात लय वळवळतात त्याचे. माझा आवाज तुला ठिवायचा असंल तर त्याच्या नजरंपुढून काढ. देवापुढं ठिवलास तर देवाला बाजूला सारून उचलंल. आन रागवू नको त्याच्यावर. चहा कर, आला बघ."

मग दाराचा आवाज, आणि टेप बंद झाल्याची टिक्.

गुरुपादअप्पा रडला. अगदी हुंदके देऊन रडला, मिशी ओली होईपर्यंत. गंगम्मानं त्याच्या हातातून कॅसेट काढून घेतली, त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

त्यानं नाक पुसत विचारलं, "आता कुठं ठिवनार?"

"ते तुमाला कामून सांगू?" गंगम्मा म्हणाली आणि कपात साखर घालायला वळली.